एका टोकाला स्क्रीन, दुसऱ्या टोकाला प्लग

मुंबई महापालिकेची जकात होती तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांच्या फायद्याचं होतं. ठाण्याजवळच्या आपल्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या पट्ट्यात गोदामं उभी राहिली, त्यामागचं हे एक मोठं कारण. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र राहिली आणि वाढतच गेली. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं ग्राफिक्स कार्ड तुमच्या बिल्डिंगपासून रिक्षाच्या अंतरावरच्या एखाद्या शेडमधूनच निघालेलं असणं मुळीच अशक्य नाही. माल इतका जवळ, पण तो निवडायचा कसा हे बहुतेक जण यूट्यूबवर शिकतात. ते व्हिडिओ चांगले असतात. फक्त ते ज्या घरासाठी बनवलेले असतात तिथे लाईट जात नाही, अर्थिंग असतंच, आणि खिडकीखालून दिवसभर कंटेनर जात नाहीत.

म्हणून पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना प्रोसेसरपासून सुरुवात करू नका. आधी दोन टोकं पक्की करा: एका टोकाला स्क्रीन, दुसऱ्या टोकाला भिंतीतला प्लग. ही दोन ठरली की मधल्या पार्टची निवड निम्मीअधिक आपोआप होते आणि हातात खरे किती पैसे उरतात तेही कळतं. ‘माझं बजेट साठ हजार’ म्हणणाऱ्या मुलाने बहुतेक वेळा साठच्या साठ हजार नुसत्या कॅबिनेटच्या आतल्या सामानावर लावलेले असतात. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माऊस, विंडोजचं लायसन्स हे सगळं पप्पांच्या खिशातून नंतर कधीतरी येणार, असं त्याने मनाशी धरलेलं असतं. पप्पांना याची कल्पना नसते.

स्क्रीनचं गणित सोपं आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. म्हणजे तोच गेम तेवढ्याच वेगाने पळवायला ग्राफिक्स कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट काम. फोरके तर ८३ लाखांच्या घरात जातं. त्याचं नावही काढू नका. पहिल्या बजेटमध्ये २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घ्यावा, हे माझं ठाम मत. असा १०० हर्ट्झचा मॉनिटर नऊ-दहा हजारांत मिळतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हेच मुख्य खेळ असतील तर आणखी थोडे घालून १४४ किंवा १६५ हर्ट्झचा घ्या, कारण पडदा ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रं काढली तरी तुम्हाला दिसणार साठच. पैसे अगदीच कमी पडत असतील तर घरातला टीव्ही ‘गेम मोड’वर टाकून पहिले सहा महिने काढा. मॉनिटर नंतर घेता येतो. पण कोणता घेणार ते आजच ठरवा, कारण कार्ड त्याच्या मापाने घ्यायचंय.

आता प्लग. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात, हे अनेक घरांत दिसतं आणि ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून दिलं जातं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते अर्थिंगच्या भरवशावर बसवलेले असतात. अर्थिंग असेल तर ती जी थोडीशी गळती होते ती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि तुमच्या बोटातून वाट शोधतो. करंट अगदी किरकोळ असतो, तरी हीच गोष्ट एचडीएमआय केबल लावता-काढताना पोर्ट उडवायला पुरते. गावठाणातली जुनी घरं आणि चाळींत तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा कशालाच जोडलेलं नसतं. नव्या टॉवरमध्येही बिल्डरवर विश्वास ठेवून बसू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मीटर लावून फेज आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. या कामाला जे काही पाचशे-हजार लागतील ते बजेटमध्ये धरा. स्वतः टेस्टर घेऊन सॉकेट उघडायला जाऊ नका.

त्यानंतर एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा किंवा आठशे-हजारात मिळणारा ‘४५० वॅट’चा डबा हा नुसता स्टिकर असतो. त्याच्या अंगावरचं लेबल वाचा: १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच रांगेवर जगतात. गुणाकार २०० वॅटच्या आसपास येत असेल तर तो ४५० वॅटचा एसएमपीएस नव्हे. ८० प्लस ब्राँझचा शिक्का ही किमान अट समजा, हमी नव्हे. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० वॅटचा एसएमपीएस साधारण चार हजारांच्या आगेमागे येतो. माझ्या मते अख्ख्या यादीत घासाघीस करायची नाही अशी ही एकच वस्तू. बाकी काहीही बिघडलं तर ते एकटं बिघडतं. एसएमपीएस वाईट गेला तर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो.

आणि यूपीएस. दुकानात पुढे केला जातो तो ६०० व्हीएचा, आणि तो बहुधा ३६० वॅटचा असतो. आपण जुळवतोय तसा कॉम्प्युटर गेम चालू असताना अडीचशे वॅट सहज घेईल, वर मॉनिटरचे पंचवीस-तीस. म्हणजे नवा असताना तो कसाबसा तगेल. वर्षभराने बॅटरी थकली की लाईट गेल्याक्षणी यूपीएसही बसेल. १००० किंवा ११०० व्हीएचा, ६०० वॅटच्या आसपासचा घ्या. त्याचं काम गेम चालू ठेवणं नव्हे, सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं देणं. घरात इन्व्हर्टर असेल आणि तो साइन वेव्हचा असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का ते आधी पाहा, कदाचित हा खर्च वाचेल.

दोन्ही टोकं मिळून वीसेक हजार गेले: मॉनिटर, यूपीएस, एसएमपीएस, कीबोर्ड-माऊस. साठातून चाळीस उरले. ऐकायला वाईट वाटतं, पण हाच खरा आकडा. या चाळिसातला जवळपास निम्मा वाटा ग्राफिक्स कार्डाचा.

फुल एचडीसाठी या वर्गात बराच काळ उत्तम ठरलेलं कार्ड म्हणजे आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं, ८ जीबी मेमरीचं, आणि वीज घेतं अवघी १३२ वॅट. नवं आणि बिलासह योग्य भावात मिळालं तर आजही डोळे झाकून घ्यावं. थोडे जास्त असतील तर आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६००. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड कागदावर फार मोहक दिसतं, पण जुन्या किंवा कमी ताकदीच्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं आणि बायोसमध्ये ‘रिसायझेबल बार’ नावाची सेटिंग चालू नसेल तर अगदीच लंगडतं. पहिल्यांदाच जुळवणाऱ्याने ती डोकेदुखी घेऊ नये, असं मला वाटतं.

नावांमध्ये सापळे आहेत. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं विकली जातात: ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा आहे असं वाटतं, पण ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४, आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. आरएक्स ५८० चंही तसंच. ‘२०४८ एसपी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं कार्ड मूळ ५८० पेक्षा कमी ताकदीचं. आरएक्स ६५०० एक्सटी हा आकड्याने ६६०० चा सख्खा भाऊ वाटतो, प्रत्यक्षात ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन. जुन्या बोर्डावर तो आणखी घसरतो. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही गेमिंगची कार्डं नव्हेतच.

मात्र त्याच ६ जीबीच्या ३०५० ला एक जागा आहे. ते फक्त ७० वॅट घेतं आणि त्याला एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या आय५ चे डेल-एचपीचे टॉवर मुंबईत भरपूर मिळतात. बजेट तीस-पस्तीस हजारांवर अडलं असेल तर असा एक टॉवर आणि हे कार्ड, ही जोडी सरळ नव्या पार्टांच्या अर्धवट कॉम्प्युटरपेक्षा चांगली. कॅबिनेट पूर्ण उंचीचं आहे ना, एवढं पाहून घ्या; चपट्या कॅबिनेटमध्ये साधं कार्ड उभंच राहत नाही.

प्रोसेसरवर मुलं सर्वाधिक वाद घालतात आणि या बजेटमध्ये तिथेच सर्वात कमी चुकतं. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ: दोन्ही सहा कोर, बारा थ्रेडचे, दोन्हींच्या डब्यात पंखा येतो आणि तो पुरतो. लिक्विड कूलरचे पैसे कार्डात घाला. इंटेलच्या नावातलं शेवटचं ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय पडदा काळाच राहणार. रायझन ५६०० चंही तेच. कार्ड वर्षभराने घेणार असाल तर रायझन ५ ५६००जी घ्या, त्यात व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळण्याइतकं ग्राफिक्स आहे. पण पुढे कार्ड लावल्यावर तो ५६०० च्या थोडा मागे राहील, कारण त्याची कॅश ३२ ऐवजी १६ एमबी आहे.

‘एएम४ सॉकेट संपत आलाय, एएम५ घे, पुढे अपग्रेड करता येईल’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. खोटा नाही तो. पण एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते, बोर्डही महाग, आणि तो फरक शेवटी ग्राफिक्स कार्डातून कापला जातो. चार वर्षांनी होणाऱ्या अपग्रेडसाठी आजचा गेम अडखळत खेळायचा, हे मला पटत नाही. बोर्ड बी५५० चा मिळाला तर बरा, ए५२० ही चालतो; इंटेलसाठी एच६१० पुरे. राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा बोर्ड घेऊ नका. दोनशे रुपयांची लॅन केबल जास्त भरवशाची, आणि व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असल्यामुळे पिंगसाठी आपण तसेही नशीबवान.

रॅमचं दुखणं नवं आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डीडीआर४ सुद्धा त्यातून सुटली नाही. वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ पाहून रॅमचा आकडा धरला असेल तर तो खोडा. भाव पाहून ८ जीबीची एकच पट्टी घ्यायचा मोह होतो. शक्यतो ८-८ च्या दोन घ्या, एकाच डब्यातल्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते मिळतात, आणि ५६००जीसारख्या आतल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. एसएसडी ५०० जीबीची पुरत नाही; रेड डेड रिडेम्पशन २ एकटाच दीडशे जीबी मागतो. १ टीबी एनव्हीएमई घ्या. जुन्या पिढीची, जेन३ ची असली तरी गेममध्ये फरक जाणवत नाही.

कॅबिनेटला दिवे किती यापेक्षा पुढची बाजू कशाची आहे ते पाहा. पुढे काच असलेलं कॅबिनेट फोटोत सुंदर दिसतं आणि मे महिन्यात आत भट्टी करतं. पुढे जाळी हवी, आणि जाळीच्या मागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा. काल्हेरच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अवजड वाहनांची धूळ होतीच, त्यात मेट्रो ५ च्या कामाची भर पडली. कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावर किंवा स्टुलावर ठेवा.

आता दुकानदाराचं कोटेशन. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते साधारण असं: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, २२,०००.’ दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आय७ कोणत्या पिढीचा? या भावात तो बहुधा २०१२ च्या आसपासच्या तिसऱ्या पिढीचा असतो, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, ते या बोर्डात सापडणार नाही. रॅम कोणती? डीडीआर३, म्हणजे पुढच्या कुठल्याच बोर्डात न बसणारी. ‘४ जीबी ग्राफिक्स’ला नाव नाही, म्हणजे नाव सांगण्यासारखं नाही. एसएमपीएसचा उल्लेखच नाही. उत्तर म्हणून एकच वाक्य पाठवा: प्रत्येक पार्टची कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटीची वर्षं आणि जीएसटीसह भाव लिहून द्या. चांगला दुकानदार दहा मिनिटांत लिहून देतो. जो ‘भाई, टेन्शन मत लो’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारावी. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी रस्ता विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आधी ऑनलाइन भाव पाहून यादी कागदावर नेली की बोलणं भरकटत नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड हे छोटं पण महाग सामान तिथून घ्यावं आणि दुकानातच जोडून, पडद्यावर बायोस उघडलेलं पाहून घ्यावं. कॅबिनेट आणि मॉनिटर मात्र घरपोच मागवा. संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये २४ इंची मॉनिटरचा खोका घेऊन चढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

‘बिल नको असेल तर अठरा टक्के कमी’ ही ऑफर तिथे येतेच. नाकारा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर ‘ट्रे’चा देत असतील, म्हणजे डब्याविना, तर तो स्वस्त असतो, पण डब्यातल्या प्रोसेसरला मिळणारी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला धरू नका. जुनं कार्ड घेण्याचा विचार असेल तर ते विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच कॉम्प्युटरवर, अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रू आधी उघडलेत का ते पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली, आणि त्यातली काही अजून हात बदलत फिरताहेत.

ऑनलाइन आलेला खोका उघडताना, लेबलपासून आतल्या पिशवीपर्यंत, एकसलग व्हिडिओ काढा. कॉम्प्युटर जुळवून झाला की दोन गोष्टी तपासा: मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना, आणि बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी चालू केलंय ना, नाहीतर ३२०० ची रॅम त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने चालत राहते आणि कोणी सांगतही नाही. मग पहिल्याच आठवड्यात त्याला ताण द्या. जड गेम सलग दोन-तीन तास चालवा, दुपारी पंखा बंद खोलीतही एकदा चालवा, रॅमची रात्रभर चाचणी लावा. बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात ते दहा दिवसांची असते. त्यानंतर तोच बिघाड सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो. तोवर सगळे खोके, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या माळ्यावर ठेवा, आणि आई रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी तिला तसं सांगून ठेवा.